छप्पनची फ्रेम आणि पंच्याहत्तरचा पाय

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, सायकलच्या दुकानाचे नवे व्यवस्थापक, आमच्या सायकल मंडळाच्या भगिनी आणि बंधूंनो, आणि सत्कार आपला असूनही कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेले आमचे मापाडीकाका,

मला पाच मिनिटं दिली आहेत. गौरवाचे चार शब्द मी लिहून आणले होते. ते खिशातच राहू देतो. कारण मघाशी चहाच्या वेळी निरोपाची भेट म्हणून आणलेली ती सायकल मी जवळून पाहिली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

अडतीस वर्षं या माणसानं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी बूट काढायला लावले. पाठ भिंतीला, आणि दोन मांड्यांच्या मधे जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक, खोगिरासारखं वर दाबून धरलेलं. जमिनीपासून त्या पुस्तकापर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा पाय. पायावरून फ्रेम. रंग, रुबाब वगैरे सगळं त्यानंतर. मी प्रथम गेलो तेव्हा शाळेतून परस्पर गेलो होतो आणि हातात आठवीच्या कवितांचं पुस्तक होतं. त्यांनी तेच मागितलं.

“अहो, कविता आहेत त्यात,” मी म्हणालो.

“असू देत की सर. पुठ्ठा टणक आहे.”

तेव्हा मी मनातून चिडलो होतो. पण त्या सायकलवर पहिला घाट चढताना मंदाक्रांतेची संथ लय पायांत आपोआप उतरली. एक मात्रा वाढली तर ओळ लंगडते, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. फ्रेमचंही तेच असतं, हे मला या माणसानं शिकवलं. गिऱ्हाईक म्हणायचं, “मोठी द्या, सीट खाली घेऊ.” मापाडी शांतपणे विचारायचे, “सीट खाली येईल. हात लांब होतील का?”

अशा माणसाला आपण काय दिलं? दोन वर्षं दुकानाच्या छताला टांगलेली सायकल. ती का टांगलेली होती? तिच्या मापाचं गिऱ्हाईक मिळेना, आणि मापाडी ती भलत्याच्या गळ्यात मारू देईनात, म्हणून. आज तीच रिबीन बांधून खाली उतरली आहे. मी व्यवस्थापकांना विचारलं, “ही छप्पनच्या फ्रेमची ना?” ते म्हणाले, “सीट खाली घेऊ हो सर. कळतंय कुणाला?”

कळतंय कुणाला? या सभागृहात ज्यांनी ज्यांनी भिंतीला पाठ लावली, त्या सगळ्यांना कळतंय, साहेब.

एका रिकाम्या दुपारी मापाडी मला म्हणाले होते, “सर, आज माझं माप घ्या बरं. आजवर कुणी घेतलंच नाही.” मी घेतलं. पंच्याहत्तर सेंटिमीटर. हे पाहा, याच कवितांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. पंच्याहत्तरच्या पायाला फ्रेम लागते पन्नासची. छप्पनवर यांचे पाय जमिनीला टेकणार नाहीत. घाटाच्या मध्यावर मान आखडेल आणि तळहात बधिर होतील.

घाट कशासाठी म्हणता? घाटापलीकडे यांची थोरली बहीण राहते. रविवारी दुकानात गर्दी, म्हणून अडतीस वर्षांत यांना एक रविवार मिळाला नाही. निवृत्त झालो की सायकलनं येतो, हा यांचा वायदा. परवा ताईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. “सायकलवरच ये हो,” त्या म्हणाल्या, “बढाया पुष्कळ मारून झाल्यात तुझ्या.” या सायकलवर हे तिथवर पोचणार नाहीत.

आणि मापाडी, राग माझा तुमच्यावरही आहे. मघाशी तुम्ही त्या दांड्यावर हात ठेवलात, नुसत्या स्पर्शानं तुम्हाला सगळं समजलं, आणि तुम्ही काय म्हणालात? “रंग छान आहे हो.” गिऱ्हाइकाच्या मापासाठी गिऱ्हाइकाशीच भांडायचात. स्वतःची वेळ आली तर रंग छान?

फोटोवाल्यांना विनंती, त्यांना या सायकलवर बसवू नका. व्यवस्थापकसाहेब, ही परत छताला जाऊ द्या आणि पन्नासची मागवा. ती येईतो ताई थांबतील. मापाडी, उठा, बूट काढा. भिंत इथंही आहे आणि पुस्तक मी आणलंय. सर्वांसमोर एकदा माप होऊन जाऊ दे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. फ्रेममधलं कमीजास्त मात्र माफ करू नका.