बावीस गुणांचा लव्हेल

शनिवारी फिलाडेल्फियातल्या आमच्या न्हाव्याकडे माझ्या पुढे दोघं होते. पार्कातल्या बास्केटबॉलचा संघ निवडणारे क्लिओफस काका आणि त्यांनी वगळलेला लव्हेल.

"काका, गेल्या रविवारी तीन डावांत मी बावीस गुण काढले. तरी उद्या मी नाही?"

"नाही."

"आणि रूफस आहे. त्याने दिवसभरात दोन काढले."

"मोजलेस वाटतं."

"मोजणारच."

"मग हेही मोज. हरला तो संघ बाहेर बसतो. तू किती वेळा बसलास?"

"तिन्ही वेळा. बाकीच्यांना खेळता येत नाही, त्याला मी काय करू?"

"त्यातलेच तिघं नंतर रूफसबरोबर उतरले. अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत."

"ठीक आहे. उद्या मी माझाच संघ काढतो."

"काढ की. आधी त्या तिघांना विचार."