फलाट चार, सर्दी आणि जीवनसत्त्व क

...नाही नाही, तुम्हीच सांगा, सर्दी झालेल्या माणसाला सकाळी साडेसहाला कच्ची ढोबळी मिरची कुणी खायला घालतं का? अख्खी! सफरचंदासारखी! आणि वर समोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, "चावा, नीट चावा, नुसतं गिळू नका..." अहो, मला नुसती सर्दी झाली होती!

आता तुम्हाला सांगतो, मी बसस्थानकावर घोषणा करतो. ती काचेची खोली, तो माइक, आणि 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणणारा जो भारदस्त आवाज तुम्ही रोज ऐकता आणि ज्याच्याकडे कुणीच लक्ष देत नाही, तो माझा. बावीस वर्षं! तर आमच्या साहेबांनी टूम काढली, मशीन बसवायचं. म्हणाले, "शुक्रवारी रेकॉर्डिंग. तुमचाच आवाज घेऊ, मशीनही तुम्हीच सांभाळा. पण आवाज बसलेला असला तर बाहेरची बाई बोलावू, आणि तुम्ही पार्सलच्या गोदामात." ते गोदाम पाहिलंय तुम्ही? तिथले उंदीरसुद्धा बदली मागतात! आणि सोमवारी सकाळी मला पहिली शिंक आली.

शिंक ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर! "क जीवनसत्त्व कमी पडलंय तुम्हाला. संत्री, पेरू, लिंबू, ढोबळी मिरची! सगळं झाडावरचं, गोळीबिळी काही नाही." आता गोळीचा विषयच कुठे निघाला होता? पण निघणार होता. कारण तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मेव्हणा, त्याचं औषधांचं दुकान. कोपऱ्यावरच. तो हजर!

"ताई, एका गोळीत जेवढं क असतं ना, तेवढ्यासाठी भावजींना आठ-दहा संत्री सोलावी लागतील."

"सोलतील! हात काय मोडलेत त्यांचे? फळात नुसतं क असतं का रे? रस असतो, चोथा असतो, आणखी काय काय असतं, ज्याची तुझ्या डब्यावर नावंही नाहीत!"

"अगं, क ते क! झाडावरनं आलं की कारखान्यातनं, पोटाला काय कळतंय?"

"त्यांच्या पोटाला सगळं कळतं!"

माझं पोट! माझ्याबद्दल बोलतायत, माझ्या पोटाबद्दल बोलतायत, आणि मला एक शब्द विचारत नाहीत. लहानपणापासून असंच आहे हो त्यांचं. पूर्वी पतंगावरून भांडायचे, आता माझ्यावरून. आणि मला नुसती सर्दी झाली होती!

शेवटी ताईसाहेब जिंकल्या. मेव्हणा गेला... म्हणजे मला वाटलं गेला. जिन्यात उभा! माझ्या पिशवीत हळूच एक नळी कोंबली. पाण्यात टाकल्या की फसफसणाऱ्या गोळ्या. "दिवसातून दोन घ्या भावजी. ताईला सांगू नका." आता बायकोच्या भावाला नाही कसं म्हणणार? घेतल्या.

म्हणजे घरी फळं, कामावर गोळ्या. बुधवार उजाडला तरी आवाज असा, की मी 'फलाट दोन' म्हणालो आणि बाहेर एक कुत्रं उठून उभं राहिलं. बायकोचा चेहरा उतरला. आणि संत्र्याचा रस जरा जास्तच फेसाळायला लागला. मी म्हटलं, संत्री ताजी असतील! मला काय माहीत, की ही बाई भावाच्या नव्हे, तर पार बाजारातल्या दुकानातून गोळ्या आणून रसात विरघळवतेय! तत्त्वही सोडायचं नाही आणि नवराही!

आणि गुरुवारी मेव्हण्यानं दुकानात बोलावलं, शटर अर्धं खाली ओढलं, मला वाटलं इंजेक्शन देतो की काय... तर काउंटरखालून पिशवीभर पेरू! "खा भावजी. नैसर्गिक ते नैसर्गिक. पण ताईला सांगू नका." सात पेरू खाल्ले मी. उभ्यानं!

शुक्रवारी सकाळी उठलो, आणि काय सांगू तुम्हाला, आवाज असा मोकळा! मी आनंदानं त्या नळीतल्या उरलेल्या चारही गोळ्या एकदम घेतल्या. म्हटलं, रेकॉर्डिंगपुरतं पक्कं व्हायला हवं.

दहाला सुरुवात. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "चाळीस वाक्यं, एका दमात." पहिला फलाट, झकास. दुसरा, साहेब मान डोलावतायत. तिसऱ्याला पोटात कुणीतरी टेबल सरकवलं. मी दुर्लक्ष केलं. चौथा... 'फलाट क्रमांक चारवरील बस आता सुट...' आणि पोट म्हणालं, बस नाही, मी सुटतंय! काय करणार? मी आयुष्यातल्या सर्वांत सुंदर, सर्वांत खणखणीत आवाजात म्हणालो, "थांबा, मी आलोच!" आणि पळालो.

तीनदा आलो, तीनदा गेलो. चाळीस वाक्यं झाली. खुर्ची वाचली! घरी दोघं बसलेलेच. आवाज कशामुळे आला? फळांमुळे, गोळ्यांमुळे! पोट कशामुळे बिघडलं? तुझ्या गोळ्यांमुळे, तुझ्या फळांमुळे! आणि भांडणाच्या भरात हिनं साखरेचा डबा आपटला, तर मागून गोळ्यांची रिकामी पाकिटं खाली पडली. मेव्हणा हसायला लागला. मी म्हटलं, तू हसू नकोस, पेरू आठव! मग दोघंही मिळून पाकिटं गोळा करायला लागले. पहिल्यांदाच.

पण खरी गंमत पुढेच. मशीन सुरू झालं आणि कळलं, रेकॉर्डिंगवाल्यानं ते वाक्य कापलंच नाही. दुरुस्तीचा अर्ज वर गेलाय, म्हणजे गेलाच. आता दर अर्ध्या तासानं अख्ख्या स्थानकात माझाच आवाज, "फलाट क्रमांक चारवरील बस आता सुट... थांबा, मी आलोच!" आणि लोक थांबतात हो! बावीस वर्षांत कुणी लक्ष दिलं नाही, आता अख्खा फलाट लक्ष देतो. कंडक्टर बोलावतो, कुणी चढत नाही. एक आजोबा म्हणाले, "बस गेली तर जाऊ दे, तो माणूस नीट परत येतोय का ते बघू आधी."

मग साहेबांनी मला नवीन काम लावून दिलं. दर अर्ध्या तासानं काचेच्या खोलीतून धावत सुटायचं, फलाट चारवर जायचं, हात वर करायचा आणि ओरडायचं, "आलो हो! बसा आता!" दिवसाला चोवीस वेळा. घामाघूम होऊन परत यायचं, पंख्याखाली बसायचं, की पुन्हा... आँ... आँ... आँक्छी!

...नाही हो, काही नाही, धूळ गेली नाकात. घरी सांगू नका.