पदरातली बुंदी

उपाशी? कोण, माझी बायको? – बसा, मारोतराव, बसा आधी, ती खुर्ची तुमच्यासाठीच ओढली – काल सकाळी भाकरी, मेथीची भाजी नि ताक, सगळं माझ्या हातचं, मी समोर बसून खाऊ घातलं. उठली, हात धुतले, नि तुमच्या मागच्या दारी जाऊन सांगितलं की घरी जेवायला देत नाहीत. तुम्हाला खरं वाटलं. मलाही वाटलं असतं, रडतेच इतकी सुरेख. शिवाय रिटायर झालेला कारकून बायकोला उपाशी ठेवतो, हे कोणालाही पटण्यासारखंच आहे. नाही, रागावलो नाही. तुमच्या विजयमालेचं लग्न कालच उरकलं, घरात पाहुणे आहेत, तरी शेजारी म्हणून कान उपटायला आलात – उपकार झाले.

तुळसाला मधुमेह आहे, जुना. गावात त्याला श्रीमंतांचा आजार म्हणतात, म्हणजे एवढ्या एका बाबतीत आम्ही तुमच्या बरोबरीला आलो. रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात तिची लघवी टाकायची, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची – हो, हो, गल्लीत काय म्हणतात ठाऊक आहे मला, बाबू लघवीची भाजी शिजवतो – रंग निळा राहिला तर बरं, विटकरी झाला तर वाईट. मग सुई उकळा, इन्शुलिन टोचा. ती बाटली यवतमाळहून एसटीत मांडीवर धरून आणतो, माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवतो. तिकडे जाताना दाराला बाहेरून कडी घालून जातो – ते जाऊ द्या. पोळ्याला ती एकाएकी घामानं भिजली. छातीत दुखतं का म्हटलं, तर नाही. पित्त समजून मी ओवा दिला, सोडा दिला. डॉक्टरनं छातीला तारा लावून कागद काढला नि म्हणाला, झटका येऊन गेला. म्हटलं, मग कळ कशी आली नाही? तर म्हणे, जुन्या मधुमेहात कधी कधी कळसुद्धा कळत नाही. हृदयाच्या नळ्या बुजतात तशा डोक्याच्याही बुजतात. साखर अशीच चढत राहिली तर दुसरा झटकाही मुकाट येईल, नि त्यात ती जाईल. एवढं सांगून मला म्हणाला, सांभाळा.

तेव्हापासून विसरणं वाढलं. आधी भाजीतलं मीठ, मग पेटती चूल, मग मी. मला साहेब म्हणते – तहसिलीत झालो नाही तो घरात झालो. छप्पनच्या दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून नागपूरला दीक्षेला गेलेली बाई ही. परत आल्यावर घरातले देव टोपल्यात घालून नदीला तिनंच नेले; हात माझा अडखळला, तिचा नाही. अन् डोक्यातून नेमकी तीच वर्षं पुसली गेली. काहून? राहिलं ते लहानपणी आईबरोबर दारोदार मागितलेलं. तुमच्या मागच्या दारी ती लांब उभी राहते, आपली सावली कोणावर पडणार नाही अशी, नि पदर पसरते – "उरलंसुरलं वाढा वं माय."

हा झाला तिचा आजार. पण तुमच्या इंदूबाईंची प्रकृती तर ठणठणीत आहे ना? मग काल त्यांनी बुंदी वरून कशी सोडली पदरात? मी तिला शोधत आलो होतो, पाहिलं मी, हात केवढा उंच होता. शिवाशीव बंद झाल्याचा कायदा तहसिलीच्या फळ्यावर मीच टाचला होता, आपल्या हातानं. तुळसा विसरली म्हणून मागते. इंदूबाईंना इतकं चटकन आठवलं कसं? – दया? बरं, दया. तुमची दया आज सकाळी नळीत विटकरी झाली. मी पदर हिसकावला तर बुंदी सांडली. ती वेचून तोंडात टाकू लागली, मग मीही वेचू लागलो – तिच्या आधी, तिनं खाऊ नये म्हणून – तुमच्या दारात, वऱ्हाड्यांसमोर, गुडघ्यांवर, दोघंही. पाहुण्यांना काय दिसलं असेल, सांगा. – हे बोलायचं नव्हतं मला.

द्यायचंच असेल तर घरात बोलवा, पाटावर बसवा, ताटात भाकरी वाढा. नाही तर हात धरून इथं आणून सोडा. हो, धरून. धरावा लागेल हात. बघा बुवा, जमतं का.

कोण – तुळसा? ये, ये. हे शेजारचे – नाही, जोहार नाही, हात खाली घे. अगं – ऐकलंत, मारोतराव? "उठा न जी, मालक आले. खाली बसा." मला म्हणते – साहेब नाही, जी. किती महिन्यांनी आज नवरा म्हणून ओळखलं, ते खुर्चीवरून उतरवायला. सोड बाही, तुळसा. ओढू नको. पाहा, कशी धापा टाकते, कपाळ भिजलं – हाच, असाच घाम होता तेव्हा. मारोतराव, तुम्ही समोर दिसता तोवर ही ओढत राहणार, नि तिच्या छातीला हे झेपायचं नाही. अन् मी खाली बसणार नाही.

तुम्ही उठा.