माजी अध्यक्षांची शाल

ऐका तर खरं. मोठ्या शहरात माजी राष्ट्रपतींचं संग्रहालय बघून आल्यावर आमच्या वेल्ह्याकडच्या एका दूध सोसायटीच्या माजी अध्यक्षांनी घरातच स्वतःचं काढलं. काचेच्या कपाटात सत्काराच्या शाली आणि उद्घाटनाच्या कात्र्या. मी आत्याला घेऊन गेलो, तर गडी लई खूश.

"मावशी, पहिल्याच पाहुण्या तुमी! सत्काराबिगर सोडणार न्हाई."

कपाट उघडून त्यांनी आतली एक शाल आत्याच्या खांद्यावर टाकली, मला मोबाईलवर फोटो काढायला लावला आणि लगेच हात पुढं केला. "द्या आता, कपाटात ठेवायचीय."

आत्यानं शाल आणखी घट्ट लपेटली. "अध्यक्ष, खुर्ची सोडायला तुमाला तीन निवडणुका लागल्या. शाल सोडायच्या आदी मला निदान चहा तरी पिऊ द्या."