पुढचे सोफे

हसू नका, पण संगमनेरकडच्या एका दूध संघात नवा व्हर्च्युअल सर्व्हर चालूच होईना. संध्याकाळच्या दूध संकलनाची नोंद त्याच्यावर घ्यायची होती. मी तो बसवायला आलेलो, चेअरमन अण्णा माझ्या खुर्चीमागं उभे.

"मेमरी कमी पडली का?"

"नाही अण्णा, भरपूर आहे. पण तिच्यातले थोडे पत्ते, म्हणजे जागांचे नंबर, प्रोसेसरनं राखून ठेवलेत. आपला डेटा तिथं गेला की मशीन चालूच होत नाही."

"आन् तिथं असतं कोन?"

"कोणीच नाही."

"मंग जाऊ द्या की!"

"तेवढी जागा सोडून पुढचे पत्ते द्यावे लागतात."

तसे दिले, सर्व्हर चालू झाला.

अण्णा म्हणाले, "आमच्या सभेत मोठ्या सायबांसाठी पुढचे सोफे असंच मोकळे ठिवत्यात. गेल्या टायमाला माझा मेव्हना तिथं बसला, तर सायेब गाडीतूनच माघारी गेले."