जाडी आणि काडी

दलाल — हे बघा ताई, सकाळपासून दोन्ही बोटी तुम्ही आतून-बाहेरून बघितल्यात. आता साहेब म्हणतात मोठी, तुम्ही म्हणता छोटी. मी ऐकायचं कुणाचं?

ती — माझं. कप्तान मी आहे. शर्यतीत सुकाणू कायम माझ्या हातात. हा नुसता दोर ओढायचा आणि शिव्या खायचा.

तो — नवरा म्हणूनही आयुष्यभर तेच केलं. पण या वेळी ऐकणार नाही. जाडीच घ्यायची.

दलाल — जाडी?

ती — तुमची ती रुंद बोट. आणि ही निमुळती, ती काडी. नावं ठेवण्यात आम्ही दोघंही पटाईत.

दलाल — काडी वाईट नाही हं. शर्यतीसाठीच बांधलेली, शिडंही मागच्याच वर्षी बदललीत. वारा लागला की सुटते. पण तुम्ही कायमचं राहायचं म्हणताय, लांब फिरायचं म्हणताय. काडीत सरळ उभं राहिलं की टाळकं छताला आपटतं. जाडीत स्वयंपाकाला ओटा आहे, न्हाणीघर आहे, गरम पाणी आहे. दोन माणसांचा संसार आरामात मावतो.

तो — ऐक. आणि पलंगावरून दोन्ही बाजूंनी उतरता येतं. काडीत मी झोपून बघितलं, पाय बाहेर.

ती — अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते उगाच नाही.

तो — चेष्टा नको. तुला उठवून बसवायचं झालं तर मी कुठल्या बाजूनं येऊ? उशा कुठे लावू?

दलाल — ताईंना बरं नाहीये का?

ती — नाही. आणि आता बरं वाटणारही नाही. आजार परत आला, उपचार थांबवलेत.

दलाल — अरे देवा. माफ करा ताई. मी आपला मघापासून गरम पाणी, गरम पाणी करतोय.

ती — तुम्ही तुमचं काम करताय. आता एकच सांगा, अगदी खरं. जाडी एकट्या माणसाला झेपेल?

दलाल — विकायला बसलोय, पण खोटं नाही बोलवत. नाही झेपणार. शीड जड आहे. एक जण डोलकाठीपाशी लागतो, एक सुकाणूवर. वारा फिरला की एकट्याची तारांबळ उडेल.

ती — आणि काडी?

दलाल — तिचे सगळे दोर सुकाणूपाशी आणून ठेवलेत. आधीचा मालक एकटाच फिरायचा.

ती — ऐकलंस?

तो — मी ऐकत नाहीये.

दलाल — असं करा, काडी घेऊन एक फेरी मारून या दोघं. मी इथं धक्क्यावर आहे. सावकाश या. काही घाई नाही.

(काडी धक्क्यापासून दूर आली आहे. सुकाणूचा दांडा त्याच्या हातात, ती समोर शाल गुंडाळून बसलेली.)

तो — हे तू आधीच ठरवलं होतंस.

ती — हो.

तो — घर विकून बोटीवर राहायचं ठरलं, तेव्हा दोघांनी ठरवलं होतं. दोघांसाठी. एकट्यासाठी बोट बघायला मी आलेलो नाही.

ती — दोघंच आहोत अजून.

तो — डॉक्टरबाई म्हणाल्यात, बघू.

ती — मीही तिथंच होते. त्या ‘बघू’ म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी.

तो — मग मला बोटच नको. राहीन घरात.

ती — राहशील रे. माझ्या चपला कुणी जागच्या हलवू नयेत म्हणून दाराशी राखण करत राहशील. दाढी करणार नाहीस, कुणाचा फोन घेणार नाहीस. ओळखत नाही का मी तुला? मला त्याचीच भीती वाटते. माझ्या दुखण्याची नाही वाटत एवढी.

तो — तू असं बोललीस ना, की मला तुझा राग येतो. खरंच राग येतो. तू चाललीयस आणि वर मलाच कामाला लावतेयस.

ती — आयुष्यभर लावलं. आता सोडू? सरळ धर. शीड फडफडतंय.

तो — कधी वळायचं ते मला कळत नाही. मी कधी सुकाणू धरलंय?

ती — एवढ्या शर्यती केल्यास माझ्याबरोबर. वारा बघून कळत नाही?

तो — वारा मी कधी बघितलाच नाही. मी तुझं तोंड बघायचो. तुझ्या कपाळावर आठी पडली की दोर हातात घ्यायचा, एवढंच मला येतं.

ती — वेड्या. आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचे, माझ्या नवऱ्याला वाऱ्याची अक्कल आहे.

तो — बायकोची होती.

ती — आता माझ्याकडे बघू नकोस. डोळे मीट. वारा गालावर घे. कुठल्या?

तो — उजव्या.

ती — वळलास की डाव्या गालावर यायला हवा. एवढंच शास्त्र. आधी विचारायचं, मग दांडा ढकलायचा. विचार.

तो — तयार?

ती —

तो — कप्तान, तयार?

ती —

तो — अगं, उत्तर दे ना! मी विचारलं की दुसऱ्यानं ‘तयार’ म्हणायचं असतं. तूच शिकवलंस ते. त्याशिवाय मी वळणार कसा?

ती — दुसरं कुणी नसेल. तूच विचारायचं, तूच सांगायचं.

तो — नाही जमणार मला.

ती — आज नाही जमलं तर ओरडायला मी आहे. नंतर कोण ओरडेल तुझ्यावर? माझ्यासाठी कर. मला बघायचंय.

तो — ...तयार?

ती —

तो — ...तयार. वळतोय. डोकं खाली घे, शिडाची काठी येतेय. सांभाळ, शाल सांभाळ!

ती — सांभाळली. गाल?

तो — डावा. डाव्यावर आला.

ती — आला की नाही? उगाच रडत होतास.

तो — तूही रडतेयस.

ती — मी कप्तान आहे. मला मुभा आहे.

तो — थंडी वाजतेय तुला. धक्क्याकडे जायचं तर आता पुन्हा वळायला हवं. वळू?

ती — मला विचारू नकोस.

तो — मग नाही वळत. शाल नीट घे, आणखी थोडं पुढे जाऊ.