पहिल्याची सर नाही

...आणि वर म्हणतो कसा, "तसा वाईट नाही, पण पहिल्याची सर नाही!" ऐकलंत? वाईट नाही म्हणे! अरे बाबा, वाईट म्हण ना सरळ, वाईट म्हटलं की माणसाला निदान भांडता तरी येतं, 'वाईट नाही' म्हटल्यावर त्याने करायचं काय? आभार मानायचे? मी इकडे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, सुरी तशीच हातात, आणि क्षणभर मला वाटलं की आतल्या खोलीत माझ्यावरच बैठक बसली आहे.

तसं नव्हतं म्हणा. बोलणं गाण्यांवर चाललं होतं. तुम्हाला नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाई भलतीकडेच भरकटली. आमच्या घरात एक पोरगी आहे. माझ्या नवऱ्याची, माझ्या पोटची नव्हे. ती थोरलीची. थोरली म्हणजे नवऱ्याची पहिली बायको, बिचारी आजारपणात गेली, मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही. पण मी तिला थोरलीच म्हणते. एका घरात राहायचं म्हटल्यावर काहीतरी हाक पाहिजे ना? हो, एकाच घरात. गेली म्हणून काय झालं, राहते इथेच.

तर ही पोरगी एक कार्यक्रम करते. गाण्यांचा. लोक आपापलं मत बोलून तिला पाठवतात, ती ते लावते, त्यावर चार शब्द बोलते आणि ते सगळं लोकांच्या फोनवर जातं. आता एक बँड आहे, चार पोरांचा, ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला, दुकानात जा, केस कापायला जा, तेच वाजतंय. त्यांचा पहिला अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. आता दुसरा आला. आणि दुसरा आल्यापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच तक्रार... पहिल्याची सर नाही.

आणि हे सगळं कुठे चालतं? थोरलीच्या कपाटात. हसू नका, खरंच कपाटात. खोलीएवढं आहे ते, आत माणूस खुर्ची टाकून बसतो, आणि दोन्ही बाजूंना थोरलीचे कपडे हँगरला लटकलेले. कोट, झगे, शाली, एक निळा लोकरीचा स्वेटर. तिच्यामागे एकालाही कुणी हात लावलेला नाही. माझे कपडे? माझे पलंगाखाली, पिशव्यांत. एकदा मी हळूच म्हटलं होतं की अर्धी बाजू रिकामी केली तर... तर नवरा म्हणाला, बघू. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. जगाच्या लिफ्ट वर-खाली करतो आणि स्वतः जन्माचा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलेला! तो बघेपर्यंत पोरीला शोध लागला की कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, रेकॉर्डिंग झकास होतं. संपलं. आधी नुसतं दुःखाचं कारण होतं, आता यंत्राचंही आलं. माझ्या पिशव्या गेल्या आणखी आत.

मी रुग्णालयाच्या धुलाईत कामाला आहे. दिवसभर मशीनची घरघर ऐकून घरी यायचं आणि घरी आल्यावर "मिक्सर बंद!" कारण आत मतं चालू. आणि हे मला सांगणार कसं? "कोणीतरी मिक्सर बंद करा." ह्या घरात माझं नाव 'कोणीतरी' आहे. कोणीतरी दार उघडा, कोणीतरी चहा टाका. ती पोरगी मला आई म्हणत नाही, मावशी म्हणत नाही, काकू म्हणत नाही, अहो-जाहो करते तेही भिंतीकडे बघून. उद्धट नाही हो, मुळीच नाही. उद्धट असती तर मी एका दिवसात सरळ केली असती. सभ्य आहे. सभ्यपणावर काय औषध?

तर ती मतं. मला सगळी पाठ झाली. तिचा एक मित्र येतो, त्याला मी उसासे म्हणते, कारण आधी तो एक लांब उसासा सोडतो आणि मग बोलतो. "हाऽऽ... काय आहे ना, पहिल्यात जीव होता. हा जरा... घासूनपुसून आणल्यासारखा वाटतो." मी चपापले. कारण मी ह्या घरात आले त्या दिवशी नवऱ्याची आत्या असंच म्हणाली होती, घासूनपुसून आणलीय. मग कोणी एक बाई, "ऐकत राहिलं की सवय होईल." हे तर माझ्या सासूचं वाक्य! शब्दन् शब्द! पाहुण्यांना पाणी देता देता सांगायची, वाईट नाही, होईल सवय. आणि एक जण तर म्हणाला, तो गाणारा आता सुखी झालाय, लग्न झालं, मूल झालं, त्यामुळे मवाळ पडला, आता त्याच्या गाण्यात दम नाही. म्हणजे बघा! माणूस सुखी झाला तर तेवढ्यासाठीही शिव्या!

आणि दर वेळी शेवटी तेच. पहिल्याची सर नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुला काय करायचंय, गाणी त्यांची, मतं त्यांची. बरोबर आहे. पण मला त्या घरात एकटं बसवत नव्हतं. खरं सांगते. स्वयंपाकघराचं दार आहे ना, ते जरा उचलून ढकलावं लागतं, नाहीतर अडतं. मला हे कुणी शिकवलं नाही, पहिल्याच दिवशी माझ्या हाताने आपोआप उचलून ढकललं, तसं सासू पांढरीफटक पडली. चमच्यांचा खणही थोरलीने लावला तसाच आहे, मी बदलला की आठ दिवसांत पुन्हा तसाच होतो, कोण करतं कोण जाणे, मीच करत असेन. चहाला कप काढते तर एक जास्त निघतो. आम्ही माणसं चार, कप पाच. पाचवा मी परत ठेवते, पण ठेवताना विचारते, थोरले, घेणार का? विचारायला काय जातं!

तर एका रविवारी झालं काय, उसासे आजारी पडला आणि पोरीला माणूस कमी पडलं. तिला म्हणे असा श्रोता हवा होता, ज्याने पहिला अल्बम ऐकलेलाच नाही. असा माणूस सापडणार कुठे? अख्ख्या गावाने ऐकलेला. शेवटी ती दारात आली, भिंतीला म्हणाली, "घरात कोणीतरी आहे का ज्यांनी पहिला ऐकला नाही?"

मी नव्हता ऐकला. धुलाईत मशीनपुढे कानात बोळे असतात, आणि दुकानात तो लागला की मी बाहेर उभी राहायची. कारण थोरली शेवटी शेवटी अंथरुणाला होती तेव्हा तो त्या खोलीत दिवसभर वाजायचा, मायलेकी एकाच तारेची दोन टोकं कानात घालून ऐकायच्या. हे मला सासूने सांगितलं. त्यानंतर घरात तो मोठ्याने कधी लागला नाही. पोरगी एकटी ऐकते, कपाटात बसून, दार ओढून. त्यांचं ते त्यांचं. मागितल्याशिवाय मी कशाला त्यात कान घालू?

मग मला बसवलं खुर्चीवर. दुसरा अल्बम सबंध ऐकवला, मग माईक पुढे केला. डांबरगोळ्यांचा वास, दोन्ही खांद्यांना थोरलीचे कपडे, आणि समोर ही पोरगी. मी वाट बघत होते, ही आता लोकांना काय सांगते मी कोण ते. ती म्हणाली, "आज आपल्याबरोबर एक श्रोत्या आहेत."

एक श्रोत्या. बरं.

मग मी बोलले. आता तुम्हाला सांगते ते मी ठरवून बोलले नाही, डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, चौथं गाणं म्हणजे नुसता गोंगाट. सहाव्याला मला डुलकी लागली. पण पाचव्यात तो पोरगा मध्येच थांबतो, श्वास घेतो, वाटतं आता ओरडणार, आणि तो हळू आवाजात म्हणतो. "भितोय तो," मी म्हटलं. "परक्याच्या घरात पाऊल वाजू नये म्हणून बाई चालते ना, तसा गातोय. आणि तुम्ही त्याला ऐकत नाही, तुम्ही मापं जुळवताय. एकीच्या मापाचं शिवलेलं दुसरीला चढवायचं आणि म्हणायचं, हिला बसत नाही. अहो, गेलेल्या माणसाशी शर्यत लावू नका. गेलेलं माणूस कधी चुकत नाही. त्याच्या हातून मीठ जास्त पडत नाही."

बोलले आणि जीभ चावली. गेलेलं माणूस कुठून आलं मध्ये? चारही पोरं ठणठणीत आहेत बँडमधली! पोरगी माझ्याकडे बघत राहिली. आणि तेवढ्यात वरचे दोन हँगर एकमेकांना लागले. टक्. वारा नाही, पंखा नाही. आणि त्या निळ्या स्वेटरची बाही घसरून माझ्या खांद्यावर. मी हललेसुद्धा नाही. मनात म्हटलं, थोरले, मारायचं असेल तर मार, पण आता बोलून झालंय.

मला वाटलं पोरगी ते सगळं कापणार. तिने एक अक्षर कापलं नाही. टक्सुद्धा ठेवलं.

आणि तुम्हाला सांगते, काय गाजलं ते! ही बाई कोण? हिला परत आणा! असा ठसका कुणात नाही! धुलाईत आमच्या मुकादमाने सगळ्यांना ऐकवलं, मशीन थांबवून. उसासे बरा होऊन आला आणि उसासा न सोडता म्हणाला, "अस्सल." नवऱ्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, ठीक आहे. त्याच्याकडून 'ठीक आहे' म्हणजे लिफ्ट गच्चीपर्यंत गेली समजा!

मग एके दिवशी दुपारी मी कामावरून आले तर पोरगी कपाटात बसलेली, दार मात्र उघडं. तिने तारेचं एक टोक माझ्यापुढे धरलं. दुसरं तिच्या कानात. मी हात पदराला पुसले आणि बसले खाली, तिच्या पायाशी. तिने पहिला लावला.

सबंध ऐकला आम्ही. आणि काय सांगू तुम्हाला... चांगला आहे हो. मी एवढी भांडले, एवढी तोंडाची वाफ दवडली, पण खरं ते खरं. मी त्या स्वेटरकडे बघून मनातच म्हटलं, थोरले, तुझं चांगलं होतं गं. पहिल्याची सर नाही. पोरीच्या डोळ्याला धार, माझ्याही. दोघी समोर बघत बसलो, एकमेकींकडे नाही. तेवढा सभ्यपणा माझ्यातही आहे.

त्यानंतर लोकांच्या आग्रहाखातर माझी दुसरी खेप. मी मोठी तयारी करून गेले, कोणाकोणाला फाडायचं ते ठरवून. बसले, माईक लागला, मी तोंड उघडणार तोच पोरगी वैतागून म्हणाली, "आई, पुढे सरक ना. कपड्यांत बोलते आहेस. ते बाजूला कर आणि नीट बस."

अशीच. सहज. आणि आपल्या हाताने तिने थोरलीची अर्धी बाजू मागे ढकलली.

आता मला सांगा, ह्याच्यानंतर कोण भांडणार? मी कोणाला फाडणार होते ते सगळं विसरले. म्हटलं, गाणी चांगली आहेत. पहिलीही चांगली, दुसरीही चांगली. पोरं मेहनत करतात. मी आपली कान लावून बसले होते, वर काही टक् होतंय का म्हणून. झालं नाही. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्यासारखंच वाटलं. त्या दिवशी संध्याकाळी चहाला कप काढले तर चारच निघाले. मी उगाच पाचवा काढून ठेवला.

आणि मग आली मतं. पोरगी वाचून दाखवायला तयार नव्हती, मी म्हटलं वाच, माझं कातडं जाड आहे. तर काय म्हणतात... बाई मवाळ पडली. घासूनपुसून बोलते. ठसका गेला, सुखी झालेली दिसते. एकाने लिहिलं, तसं वाईट नाही, होईल सवय. त्या 'आई'बद्दल कोणी अवाक्षर नाही! कानात तारा घालून बसलेत मेले आणि जे ऐकायचं ते एकालाही ऐकू आलं नाही! मी ती दुसरी खेप इतक्यांदा लावली आहे की फोन तापतो, आणि हे म्हणतात काय? पहिल्याची सर नाही.

पण एक झालं बघा. जन्मात पहिल्यांदा लोक 'पहिली' म्हणतात ती मी. 'दुसरी' म्हणून नाकं मुरडतात तीही मीच. थोरलीला म्हटलं, तू आता सुटलीस, आराम कर. माझी सवत मीच झाले!